सकाळची शाळा, अंधार आणि छोटी सायकल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दिवाळीची सुट्टी संपून सकाळच्या शाळा पुन्हा सुरू झाल्या, तशी मुलांना घेऊन सायकल चालवण्याबद्दलची पत्रं वाढली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगा दुसरीत आहे. शाळा सातची, घर बडोद्याच्या कारेलीबागेत. तो त्याच्या सायकलवर, मी माझ्या. त्याला झगझगीत पिवळं जॅकेट घेतलंय. तेवढं पुरेल ना?

दुपारची शाळा असती तर पुरलं असतं. हा झगझगीत रंग उन्हातले अतिनील किरण शोषून ते दिसणाऱ्या उजेडाच्या रूपात परत टाकतो, म्हणून दिवसा तो डोळ्यांत भरतो. सूर्यच नसेल तर ते जॅकेट साधं पिवळं. जानेवारीत बडोद्यात सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो. तुम्ही पावणेसातला निघत असाल तर तो सगळा खर्च रस्त्यावरच्या दिव्यांखाली वाया जातो.

आता जरा हिशोब करू. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. चालकाला काही दिसलं, ते कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे १६-१७ मीटर तिथेच गेले. पुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी दहाएक मीटर. एकूण २५ ते ३० मीटर झाले. डिपरवर असलेल्या हेडलाइटमध्ये गडद कपड्यांतलं मूल दिसायला लागतं तेही जवळपास तेवढ्याच अंतरावरून. हाताशी काहीच शिल्लक राहत नाही, आणि ओल्या रस्त्यावर तर उधारी होते.

म्हणून आधी दिवे. पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही सायकलींना. मागचा दिवा सीटच्या दांड्याला लावायची पद्धत आहे, पण मुलांच्या सायकलवर तो दप्तराखाली नाहीतर रेनकोटखाली जातो. कॅरिअरच्या शेवटच्या टोकाला किंवा मडगार्डवर लावा, तोंड सरळ मागे. मग सायकल स्टँडवर लावा, मुलाला दप्तरासकट बसवा आणि वीस पावलं मागे जाऊन स्वतः बघा. ही तपासणी कुणीच करत नाही.

त्यानंतर चमकपट्टी, म्हणजे सफाई कामगारांच्या जॅकेटवर असते ती रुपेरी पट्टी. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा लोलक असतात आणि ते उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. हेडलाइटमध्ये ती शंभर मीटरच्याही पुढून दिसते. पण पाठीवरच्या पट्टीपेक्षा घोट्याभोवतीची पट्टी जास्त कामाची. पेडल मारताना ती वरखाली होते, आणि माणसाची हालचाल डोळा चटकन ओळखतो. पाठीवरचा स्थिर ठिपका खांबाचाही असू शकतो. घोट्याची पट्टी नुसतं ‘काहीतरी आहे’ एवढंच सांगत नाही, ‘कुणीतरी पेडल मारतंय’ हे सांगते. पेडलवरचे नारिंगी रिफ्लेक्टर हेच काम करतात. ते तुटले असतील तर आधी ते बदला. आडव्या रस्त्यावरून येणाऱ्यासाठी चाकांच्या तारांमध्येही रिफ्लेक्टर हवेत.

आणि पट्टी आहे म्हणून दिवा नको, असं करू नका. पट्टीचा स्वतःचा उजेड नसतो. दिवा न लावता उलट्या बाजूने येणारा स्कूटरवाला आपल्याकडे रोज भेटतो. त्याच्यापुढे पट्टीचा काही इलाज नाही.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. चार वर्षांच्या नातवाला दांडीवर बसवून मांजलपुरात फिरवतो. सूनबाई नको म्हणते. आमच्या वेळी सगळे असेच फिरत.

आजोबा, सूनबाईंचं ऐका. दांडीवर बसलेल्या मुलाचा पाय पुढच्या चाकात गेला तर चाक जागच्या जागी अडतं आणि दोघेही हँडलवरून पुढे फेकले जातात. मागच्या नुसत्या कॅरिअरवरही भरवसा नाही. तिथे टाच तारांमध्ये अडकते आणि टाचेची कातडी, कधी मागची शीरसुद्धा, सोलून निघते. हाडांच्या डॉक्टरांना ही जखम चांगली परिचयाची आहे. तुमच्या वेळीही ती होतच होती. फक्त तेव्हा हळद लावून गप्प बसत.

मागच्या बाजूला लावायची मुलांची सीट घ्या. तिला पाठ, खांद्यांवरून येणारा पट्टा, पाय ठेवायला खोलगट जागा आणि पाय व चाक यांच्यामध्ये आडोसा हवा. अशा बहुतेक सीट २२ किलोपर्यंत चालतात. पण आकडा सीटवर आणि कॅरिअरवर, दोन्हीकडे वाचा, आणि कमी असेल तो धरा. सायकलवाल्याकडून चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी बसवून घ्या. पायात चप्पल नको, बूट हवेत. मूल सीटवर असताना सायकल स्टँडवर लावून दुधाची पिशवी आणायला वळायचं नाही. उभ्या सायकलवरून पडणारी मुलं कमी नाहीत. वर्षाच्या आतलं, नीट बसता न येणारं बाळ असेल तर सायकल नकोच.

सीट लावली की तुमचा मागचा दिवा झाकला जाईल. तो सीटच्या पाठीमागे न्या.

नवरात्रात मुलीला सायकलवर मागे बसवून गरब्याला नेत होते. चणियाचोळीवर भरपूर आभले होते. रात्री ते चमकतात, म्हणजे वेगळ्या पट्टीची गरज नाही ना?

आहे. आभला म्हणजे सपाट आरसा. तो उजेड भलत्याच दिशेला फेकतो, चालकाकडे क्वचितच परत पाठवतो. मांडवात शोभतो, रस्त्यावर उपयोगी नाही. शिवाय घेरदार चणिया चाकात जाते. घागरा पिशवीत घालून न्या आणि तिथे पोचल्यावर नेसवा, मुलगी कितीही रुसली तरी.

मुलीला (वय ८) घेऊन जाताना मी पुढे असावं की मागे? नवरा म्हणतो, तिला अगदी कडेने चालवायला लाव.

तुम्ही मागे, ती पुढे, आणि तुमची सायकल तिच्यापेक्षा हातभर उजवीकडे. मागून येणाऱ्या गाडीला आधी तुम्ही दिसता. ती तुम्हाला वळसा घालते आणि तोच वळसा मुलीलाही पुरतो. तुम्ही पुढे राहिलात तर मागे काय चाललंय हे बघायला सारखी मान वळवावी लागते, आणि नेमकी त्याच वेळी पुढची गाडी थांबते. दोन मोठी माणसं असतील तर एक पुढे, एक मागे.

‘अगदी कडेने’ हा सल्ला मला पटत नाही. आपल्या रस्त्यांची कड म्हणजे गटाराची झाकणं, वाळू, लाऱ्या (हातगाड्या) आणि उभ्या गाड्या. उभ्या गाडीचं दार कधीही उघडतं. तिच्यापासून किमान मीटरभर अंतर ठेवा आणि सरळ रेषेत चाला. दोन गाड्यांमधली मोकळी जागा दिसली की मुलं आत शिरतात, पुन्हा बाहेर येतात. त्या बाहेर येण्यातच धोका आहे, कारण मधल्या वेळात ती मागच्या चालकाच्या नजरेआड झालेली असतात. छोटी सायकल उभ्या मोटारीच्या बॉनेटएवढीही उंच नसते. मागच्या चाकाजवळ लवचिक काठीवर नारिंगी झेंडी लावली तर ती गाड्यांच्या वरून दिसते. मुलांना ती आवडतेही.

रस्त्यावर उतरण्याआधी सोसायटीच्या आवारात एक गोष्ट पक्की करून घ्या. मूल उजव्या खांद्यावरून मागे बघायला लागलं की सायकलही उजवीकडे जाते, आणि उजवीकडे गाड्या असतात. खडूने लांब रेघ ओढा. मुलीला रेघेवरून चालवा, मागून बोटं दाखवा, ‘किती?’ विचारा. उत्तर बरोबर आणि चाक रेघेवर, हे दोन्ही जमेपर्यंत मोठा रस्ता नको. हाकाही ठरवून ठेवा: ‘थांब’, ‘सरळ’, ‘डावीकडे’. ‘अगं अगं, बघ की जरा’ याने आठ वर्षांची मुलगी फक्त दचकते.

गेंडा सर्कल, चकली सर्कल अशा ठिकाणी उजवीकडे वळायचं असेल तर उतरा आणि सायकल हातात धरून पायी रस्ता ओलांडा. वेगाने येणारी गाडी किती लांब आहे याचा अंदाज प्राथमिक शाळेतल्या मुलांना नीट येत नाही. ते हुशारीचं काम नाही, वयाचं आहे. वळणाऱ्या सिटी बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला तर कधीच थांबू नका. चालकाला तिथलं मूल दिसत नाही.

सायकलवर हेल्मेट कायद्याने लागतं का? आणि मुलीच्या डोक्यावर ते टिकतच नाही.

मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटची सक्ती सायकलला नाही. तरी घाला. १५ फेब्रुवारी २०२३ पासून स्कूटर-मोटरसायकलवर नेल्या जाणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना हेल्मेट आणि चालकाला जोडणारा पट्टा लागतो, वेग ४० च्या आत ठेवावा लागतो. त्या नियमात सायकलचं हेल्मेटही चालतं. त्यामुळे धाकट्यासाठी घेतलेलं एकच हेल्मेट दोन्हीकडे वापरता येईल.

टिकत नाही, कारण बहुधा ते मोठं आहे. ‘वाढत्या अंगाचं’ हेल्मेट घेऊ नका. पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर, पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळणारे, हनुवटीखाली एखादं बोट जाईल एवढीच जागा. उंच पोनी किंवा अंबाडा असेल तर ते मागे सरकणारच. वेण्या खाली घाला. एकदा जोरात आपटलं की वरून ठीक दिसलं तरी बदला. आणि कमाटी बागेत पोचल्यावर घसरगुंडीकडे पळण्याआधी ते काढून घ्या. खेळण्यात पट्टा अडकून गळा आवळला जाऊ शकतो.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत मुलांना सायकलवर न्यावं का?

१४ आणि १५ जानेवारीला नाही. दोन दिवस चालत जा. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी ही ‘चायनीज दोरी’ आकाशात असतेच. ती तुटत नाही, आणि रस्त्यावर आडवी आली की नेमकी गळ्याच्या उंचीवर येते.

धोका त्या दोन दिवसांपुरता नसतो. डिसेंबरपासून गच्च्यांवर सराव सुरू होतो, आणि नंतर कितीतरी दिवस तुटलेली दोरी खांबांवरून, झाडांवरून लोंबत राहते. त्या काळात स्कूटरवाले हँडलवर तारेची कमान लावतात, तशी तुमच्या सायकललाही लावून घ्या. मागच्या सीटवरचं मूल तुमच्या आडोशाला राहतं. स्वतःची सायकल चालवणाऱ्या मुलाला कमान लावा, गळ्याभोवती जाड कापड घट्ट खोचून द्या, टोकं लोंबती नकोत, आणि वेग पायी चालण्याच्या थोडा वर ठेवा. आडवी दोरी दिसली तर थांबायचं, हाताने ओढायची नाही. विजेच्या तारेवरून आलेली असेल तर जवळही जायचं नाही.

मुलाची नजर वर कटलेल्या पतंगावर असते हेही धरून चाला. आणि झेंडीची काठी तेवढे दिवस काढून ठेवा, दोरी तिच्यात गुंतते.