जेवल्यावर दोन तासात भूक लागते म्हणजे अन्न पचलं का? मक्याचे दाणे अख्खेच काहून पडतात?

भाऊ, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या. भाकर-वरण खाऊन दोन-अडीच तासात परत भूक लागते म्हणजे सगळं पचून गेलं का, मक्याचं कणीस खाल्लं तं दाणे संडासात तसेच काहून दिसतात, आणि मेडिकलवाल्यानं दिलेलं पचनाचं सिरप रोज घ्यावं का. मी डॉक्टर नाही, बीएस्सी झूलॉजी करून घरची शेती करतो आणि सायंकाळी दहावीच्या पोट्ट्यांना विज्ञान शिकवतो, तर तेवढ्याच हिशोबानं वाचा.

पहिले हे डोक्यातून काढा का सगळं अन्न जठरातच पचते. जठर रिकामं झालं म्हणजे अन्न पुढं गेलं एवढंच. खरं काम तिथून पुढं सुरू होते, लहान आतड्यात, आणि तुम्हाला भूक लागते तेव्हा दुपारची भाकर तिथं अजून तुटतच असते.

तोंडापासून सांगतो. लाळेत अमायलेज नावाचं एंझाइम, म्हणजे अन्न तोडणारं रसायन, असते, ते स्टार्च म्हणजे पिठातला पिष्टाचा भाग तोडते. ज्वारीच्या भाकरीचा कोरा घास, ठेचाबिचा न लावता, मिनिटभर चावून पाहा, हळूहळू गोडसर लागतो, ती माल्टोज नावाची साखर तयार झालेली असते. पण मिनिटभर चावते कोण, वावरात धुऱ्यावर बसलं का दहा मिनिटात डबा खाली. गिळलेला घास 25 सेंटीमीटरच्या अन्ननलिकेतून आठ-दहा सेकंदात जठरात जाते, आणि तो खाली पडत नाही, नळीचे स्नायू त्याले ढकलत नेतात, म्हणून आडवं पडून खाल्लं तरी घास बरोबर पोटातच जाते.

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, पीएच (हा आकडा जेवढा कमी तेवढं आम्ल तेज) साधारण 1.5 ते 3.5. त्यात लाळेचं एंझाइम बंद पडते, अन् पेप्सिन नावाचं दुसरं एंझाइम चालू होऊन वरणातल्या प्रथिनांचे तुकडे करायला लागते. हे कसं कळलं तेही ऐकण्यासारखं हाय. 1822 साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या माणसाले बंदुकीचा बार लागला, माणूस वाचला पण जठराले भोक कायमचं राहिलं, मंग विल्यम बोमाँट नावाच्या डॉक्टरनं त्या भोकातून रेशमी दोऱ्याले मांसाचा तुकडा बांधून आत सोडला, बाहेर काढून पाहिला, आणि जठराचा रस बाटलीत घेऊन कोमट ठेवला तं मांस बाटलीतही विरघळलं. म्हणजे पोटात काही जाळ-बीळ नाही, काम रसाचं हाय. (जेवताना पाणी पिलं का अग्नी विझते म्हणतात, तसं काही होत नाही, जठर लागेल तसं आम्ल बनवत राहते.)

पण जठरातून रक्तात जवळपास काहीच जात नाही. अगदी दारूही तिथं थोडीशीच शोषली जाते, रिकाम्या पोटी ती लवकर चढते ते ती झपाट्यानं लहान आतड्यात पोहोचते म्हणून. साधं जेवण जठरातून निघायला दोन ते चार तास लागतात, तेल-तूप जास्त असलं तं अजून जास्त, कारण आतड्यात चरबी आली का तिथून हार्मोन निघून जठराले हळू सोड म्हणून निरोप जाते. वावरात रोडगे, वांग्याची भाजी, त्याच्यावर तुपाची धार असा कार्यक्रम झाला का रात्रीपर्यंत कोणी जेवायचं नाव काढत नाही, त्याचं कारण हेच.

आता लहान आतडं. लांबी सहा मीटरच्या आसपास. सुरुवातीलाच दोन रस येऊन पडतात. स्वादुपिंडाच्या रसात स्टार्च, प्रथिनं, चरबी तिघांचेही एंझाइम असतात आणि सोबत बायकार्बोनेट, त्यानं जठरातून आलेली आंबट लापशी शांत होते, नाहीतर हे एंझाइम चाललेच नसते. दुसरं पित्त, यकृतात बनते आणि पित्ताशयात साठते. लोक अॅसिडिटीले पित्त म्हणतात ते वेगळं. या पित्तात एंझाइम एकही नाही, पण साबण जसा तेलकट भांड्यावरचं तेल फोडते तसं ते तुपाच्या गोळ्याचे बारीक थेंब करते, मंग लायपेज, म्हणजे चरबीचं एंझाइम, त्याले तोडू शकते.

शेवटी भाकरीचा ग्लुकोज होते, वरणाचे अमिनो आम्ल, तुपाचे फॅटी आम्ल. आतड्याच्या आतल्या भिंतीवर विलाय नावाचे एक मिलिमीटरच्या आतले उंचवटे असतात आणि त्याच्या पेशींवर अजून बारीक उंचवटे, त्यामुळं जागा वाढून साधारण 30 चौरस मीटर होते. ग्लुकोज आणि अमिनो आम्ल तिथून रक्तात जाऊन पहिले यकृतात पोहोचतात. चरबी मात्र लसिका नावाच्या वेगळ्या नळ्यांतून जाते अन् थेट मानेजवळच्या शिरेत येऊन रक्ताले मिळते, यकृत टाळून.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्लुकोज आत घेताना आतड्याची पेशी सोबत सोडियम, म्हणजे मिठातला भाग, ओढते, आणि त्यांच्यामागं पाणी येते. रॉबर्ट क्रेन नावाच्या शास्त्रज्ञानं हे 1960 मध्ये मांडलं. हगवण लागली तरी बहुतेक वेळा हे दार उघडंच राहते, म्हणून नुसतं पाणी पाजून जे होत नाही ते मीठ-साखरेच्या पाण्यानं होते. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रमात मीठ-साखरेचं पाणी करून पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. आपल्याकडं मे महिन्यात पोट्ट्यांना हगवण लागली का आधी सलाईन लावायले पळतात, घरी एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं, एवढं तं लगेच करता येते. ओआरएसचं पाकीट मिळालं तं उत्तमच. पण पोट्टं सुस्त पडलं, पिऊनच राहिलं नाही, नाहीतर सारखं ओकत असलं तं घरी थांबू नका.

मक्याचं आता. दाण्याचं वरचं साल मुख्यतः हेमिसेल्युलोज आणि सेल्युलोज या चिवट तंतूंचं, ते तोडायचं एंझाइम माणसाकडं नाहीच. गाईम्हशीकडंही नाही, त्यांच्या पोटातले जिवाणू ते काम करतात. तुम्ही दाणा अर्धवट चावून गिळला तं साल तसंच निघते, पण दाबून पाहाल तं बहुतेक वेळा आतून पोकळ असते, पीठ पचलेलं असते. पूर्ण अख्खा गेला तं मात्र आतलाही माल वाया. जवसाचंही तसंच, अख्खा जवस फाकला तं बराचसा तसाच पडते, आपल्या बाया भाजून कुटून चटणी करतात तेच बरोबर, कुटल्यावर तेल अंगी लागते.

न पचलेलं पुढं मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू त्यातलं जे जमेल ते आंबवतात. तूर, हरभरा यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात, त्या आपल्याले तोडता येत नाहीत, जिवाणू तोडतात आणि गॅस होते. तुरीच्या शेंगा उकडून खाल्ल्या त्या रात्री घरात जो आवाज येते तो रोग नाही. हरभरा रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं तं थोडा कमी होते. तोंडातून निघालेलं अन्न पूर्ण बाहेर पडायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून आज सकाळी जे दिसलं ते काल रात्रीचंच असेल असं नाही.

सिरपचं म्हणाल तं त्यात बहुतेक वेळा स्टार्च-प्रथिन तोडणारे एंझाइम असतात, आणि धडधाकट माणसाचं स्वादुपिंड ते भरपूर बनवते. दोन तासात भूक लागणं अन् मक्याची सालं दिसणं यासाठी ते रोज पिण्यात अर्थ नाही, त्या पैशाचं दही आणा. ज्याचं स्वादुपिंड खरंच खराब झालं त्याले डॉक्टर वेगळ्या कॅप्सूल देतात. मात्र वजन उतरत असलं, संडास तेलकट होऊन पाण्यावर तरंगत असली, रक्त दिसलं किंवा डांबरासारखी काळी झाली तं तालुक्याले जाऊन दाखवा. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चालू असल्या तं त्यानंही काळी होते, तेवढं डॉक्टरले आधी सांगजा.