बॅटरीच्या जमान्यात ट्रॉलीबस कशासाठी?

प्रश्न : बॅटरीवर धावणाऱ्या बस आता उपलब्ध असताना रस्त्यावर तारा टांगून ट्रॉलीबस चालवण्यात काय हशील आहे? शिवाय ट्रामला एक तार पुरते, मग ट्रॉलीबसला दोन का लागतात?

उत्तर : आपली दुसरी शंका आधी घेऊ. ट्रामच्या मोटारीतून गेलेली वीज लोखंडी चाकांवाटे रुळांत उतरून परत जाते. ट्रॉलीबसची चाके रबरी असल्याने तो मार्ग तिला बंद असतो. म्हणून एक तार वीज आणते, दुसरी परत नेते आणि बसच्या टपावर दोन दांडे असतात. दांड्याच्या टोकाला खोबणी असलेला कार्बनचा तुकडा बसवलेला असतो. तो तारेवर घासत जातो, पावसात लवकर झिजतो आणि वेळोवेळी बदलावा लागतो. तारांच्या फाट्यावरून बस वेगाने गेली, तर दांडा निसटू शकतो. अशा वेळी बहुधा चालकालाच खाली उतरून मागच्या दोरीने तो पुन्हा तारेला लावावा लागतो.

आता मुख्य प्रश्न. बॅटरीची बस आपली ऊर्जा वजनासह वाहून नेते आणि ती संपत आली की तिला चार्जिंगसाठी थांबावे लागते. ट्रॉलीबस मात्र चढावर हवी तेवढी वीज तारेतून ओढते, आणि ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज तारेत परत सोडू शकते, जी त्याच वेळी जवळपास धावणाऱ्या दुसऱ्या बसला उपयोगी पडते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उभ्या चढांवर ट्रॉलीबस टिकून राहिल्या, त्याचे हे एक मोठे कारण आहे. तारा आणि उपकेंद्रे यांचा खर्च मोठा असतो, हे खरेच. तो दर काही मिनिटांनी बस धावणाऱ्या मुख्य मार्गांवरच वसूल होतो, आणि तुरळक फेऱ्यांच्या मार्गावर बॅटरीची बसच बरी.

मात्र तार की बॅटरी, असा पेच आता उरलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एकेकाळी जगातील सर्वांत मोठे ट्रॉलीबस-जाळे असलेल्या मॉस्कोने 2020 मध्ये ते बंद केले. उलट 1972 मध्ये ट्रॉलीबस बंद केलेल्या प्रागने 2017 पासून ती पुन्हा रस्त्यावर आणली. तिथे मोठ्या चढावर तारा बसवल्या असून त्यांच्याखालून धावतानाच बसची बॅटरी भरते आणि मार्गाचा उरलेला भाग बस दांडे उतरवून बॅटरीवर पार करते. चौकांतले गुंतागुंतीचे तारांचे फाटेही त्यामुळे टाळता येतात. ज्या शहरांत तारा आधीपासून उभ्या आहेत, त्यांनी त्या काढण्यापूर्वी या पद्धतीचा हिशेब अवश्य मांडावा.