अनेक वर्षे डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला किडनीचा कर्करोग होण्याचा धोका कितपत असतो?

आपले थोरले बंधू निपाणीजवळच्या गावी राहतात, नऊ वर्षांपासून डायलिसिसवर आहेत, सोनोग्राफीत त्यांच्या दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी दिसल्या आणि यातून कॅन्सर होतो असे नातेवाइकांनी सांगितल्यापासून घरचे धास्तावले आहेत, असे आपण लिहिले आहे. निकामी किडनीला कॅन्सर होतोच कसा आणि दरवर्षी स्कॅन करावा का, हे आपले दोन प्रश्न आहेत. मी बेळगावात डायलिसिस तंत्रज्ञ म्हणून काम करतो, डॉक्टर नाही. त्यामुळे बंधूंच्या रिपोर्टविषयी निर्णय त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टनीच, म्हणजे किडनीतज्ज्ञांनीच, द्यावा. मात्र हा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आम्हाला नेहमी विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

किडनी निकामी झाली म्हणजे ती रक्त गाळण्याचे काम करीत नाही. तिच्यातील पेशी मात्र जिवंत असतात. बहुतेक गाळण्या नष्ट झाल्यावर उरलेल्या सूक्ष्म नलिकांवर भार येतो, त्यांच्या पेशी प्रमाणाबाहेर वाढू लागतात आणि नलिका फुगून त्यांच्या पाण्याने भरलेल्या गाठी होतात. डायलिसिसच्या रुग्णांमधील हा विकार १९७७ मध्ये प्रथम सविस्तर नोंदवला गेला. जितकी वर्षे अधिक तितके त्याचे प्रमाण अधिक, आणि दहा वर्षांनंतर तर बहुसंख्य रुग्णांत अशा गाठी आढळतात. त्यामुळे नऊ वर्षांनी त्या दिसणे हे अपेक्षितच आहे. डायलिसिसच्या यंत्रामुळे त्या होतात हा समज चुकीचा आहे. काही जणांत त्या डायलिसिस सुरू होण्यापूर्वीच असतात, आणि पोटात द्रव सोडून डायलिसिस करणाऱ्यांनाही होतात.

या गाठींपैकी फार थोड्या पुढे कर्करोगाच्या होतात. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील आठ लाखांहून अधिक डायलिसिस रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत या रुग्णांत किडनीच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे साडेतीन पट आढळले. हा आकडा ऐकून माणूस घाबरतो, हे मी जाणतो. पण मुळात हा कर्करोग विरळ आहे, आणि विरळ गोष्ट साडेतीन पट झाली तरी ती बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. डायलिसिसच्या रुग्णाच्या जिवाला हृदयविकार आणि जंतुसंसर्ग यांचा धोका याहून कितीतरी मोठा असतो. पुरुषांमध्ये आणि अधिक वर्षे डायलिसिस झालेल्यांमध्ये किडनीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. धूम्रपान हेही या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. निपाणी परिसरात तंबाखूवर अनेकांचे पोट चालते आणि विडी घरोघरी सहज हाताशी असते, म्हणून स्पष्टच लिहितो: बंधू विडी ओढत असतील तर ती आजपासून बंद व्हावी.

प्रत्येक रुग्णाचा दरवर्षी स्कॅन करावा असा सर्वमान्य नियम नाही. ज्याचे वय कमी आहे, प्रकृती एरवी चांगली आहे किंवा ज्याचे नाव प्रत्यारोपणाच्या यादीत आहे, त्याच्यासाठी नियमित तपासणी उपयोगाची ठरते. ज्याचे हृदय फार दुबळे आहे आणि ज्याला शस्त्रक्रिया झेपणारच नाही, त्याला तपासणीतून चिंतेपलीकडे फारसे काही मिळत नाही. सोनोग्राफीत संशयास्पद काही दिसले तर डॉक्टर रंगद्रव्याचे इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन सांगतात, कारण आकसलेल्या किडनीत लहान घन गाठ सोनोग्राफीने नीट ओळखता येत नाही. त्या इंजेक्शनने किडनी जाईल ही भीती लघवी पूर्ण बंद झालेल्या रुग्णाच्या बाबतीत गैरलागू आहे. थोडी लघवी अजून होत असेल तर मात्र ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

स्कॅनच्या तारखेपेक्षाही पुढील लक्षणांकडे लक्ष असू द्या: लघवीतून रक्ताचे चार थेंब जरी गेले, कुशीत एका बाजूला दुखू लागले, कारण नसताना ताप राहू लागला किंवा वजन उतरू लागले, तर डायलिसिसच्या पुढच्या पाळीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. कुशीत अचानक तीव्र कळ आली आणि हिमोग्लोबिन घसरले, तर गाठीतून आत रक्तस्राव झालेला असू शकतो. अशा वेळी डायलिसिसमध्ये रक्त पातळ ठेवण्यासाठी दिले जाणारे हेपॅरिन कमी करावे किंवा टाळावे लागते, म्हणून सुई टोचण्यापूर्वीच आमच्यासारख्यांना हे सांगणे अत्यंत आवश्यक आहे. बरेच रुग्ण 'पाठ अवघडली असेल' म्हणून गप्प राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गाठ लवकर सापडली तर उपचार तुलनेने सरळ असतो. ती किडनी काम करीतच नसल्यामुळे बहुधा संपूर्ण काढतात, अनेकदा दुर्बिणीने, आणि डायलिसिस पूर्वीप्रमाणे चालू राहतो. हा विकार दोन्ही बाजूंना होऊ शकतो, म्हणून दुसऱ्या किडनीवरही लक्ष ठेवावे लागते. प्रत्यारोपणानंतरही स्वतःच्या जुन्या किडन्या बहुधा पोटातच राहतात आणि त्यांचा धोका संपत नाही, हे पुढे प्रत्यारोपण करायचे ठरले तर ध्यानात असू द्या.

आपल्या भागातले रुग्ण एक सोनोग्राफी चिक्कोडीला, दुसरी मिरजेला आणि सीटी बेळगावात किंवा कोल्हापुरात करतात, आणि जुन्या फिल्म घरी कपाटात राहतात. गाठ वाढते आहे का, हे मागच्या स्कॅनशी ताडूनच कळते. येत्या भेटीला बंधूंचे आजवरचे सर्व रिपोर्ट, फिल्म आणि सीडी तारखेच्या क्रमाने घेऊन जा, आणि गाठींमध्ये पाणीच आहे की काही भाग घन आहे, हा प्रश्न डॉक्टरांना सर्वांत आधी विचारा.