१० मेगाहर्ट्झचे १०० करताना
गुणक सर्किट कितीही नीट बांधलंत तरी फेज नॉइज (सिग्नलच्या फेजमधली बारीक थरथर) वाढणारच, हे आधी धरून चला. वारंवारता दुप्पट केली की ६ डेसिबल, दहापट केली की २०. १० मेगाहर्ट्झच्या ओसीएक्सओचा (तापमान स्थिर ठेवलेला क्रिस्टल ऑसिलेटर, हाच आपला रेफरन्स) फ्लोअर, म्हणजे नॉइजची तळपातळी, −१६० डीबीसी प्रति हर्ट्झ (कॅरियरच्या, म्हणजे मुख्य सिग्नलच्या, तुलनेत डेसिबल) असेल, तर १०० मेगाहर्ट्झला −१४०पेक्षा चांगला मिळायचा नाही.

म्हणून नुसत्या गुणाकारावर थांबू नका. १०० मेगाहर्ट्झचा चांगला व्हीसीएक्सओ (व्होल्टेजने वारंवारता थोडी हलवता येणारा क्रिस्टल ऑसिलेटर) घ्या आणि पीएलएलने (फेज जुळवत ठेवणाऱ्या फीडबॅक लूपने) त्याला रेफरन्सशी लॉक करा. कॅरियरजवळ ओसीएक्सओ सरस, लांबवर व्हीसीएक्सओ. दोघांचे फेज नॉइजचे आलेख एकाच कागदावर काढा (ओसीएक्सओच्या आलेखात ते २० डेसिबल मिळवून, हे हमखास राहून जातं) आणि जिथे ते एकमेकांना छेदतात तिथेच लूप बँडविड्थ (जिथपर्यंत लूप रेफरन्सच्या मागे जातो ती मर्यादा) ठेवा. बहुतेकदा ती काही दहा ते काहीशे हर्ट्झच्या आसपास येते. दुसऱ्याच्या सर्किटमधलं लूप फिल्टर (ही बँडविड्थ ठरवणारं) जसंच्या तसं उचलू नका.

व्हीसीएक्सओच्या ट्यूनिंग पिनवरचा गोंगाट थेट फेज नॉइज बनतो, तेव्हा तिथे लो-नॉइज लिनिअर रेग्युलेटरच हवा. मेन्सचा ५० हर्ट्झचा हमही गुणाकारात तितकाच वाढतो. म्हणून रेफरन्स इनपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावाच.