गोव्यात डायव्हिंग करताना शार्क दिसतात का? नाहीतर कुठे जावं?

गोव्यात मोठा शार्क दिसेल या आशेवर पैसे भरू नका. खात्रीने पाहायचा असेल तर मालदीवमधलं फुवाहमुलाह गाठा, तिथे टायगर शार्क वर्षभर दिसतात. गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाच्या आसपास मी बरेच डाइव्ह केलेत. तिथे पाणी गढूळ असतं, बहुतेक वेळा चार-पाच मीटरपलीकडचं काही दिसत नाही, आणि मोठी मोरी (म्हणजे शार्क) किनाऱ्याजवळच्या उथळ खडकांकडे सहसा फिरकत नाही. नशिबात असेल तर खडकाच्या कपारीत बांबू शार्क पहुडलेला सापडतो. हातभर लांबीचा, रात्री हिंडणारा, अगदी निरुपद्रवी जीव. टॉर्च सतत त्याच्या डोळ्यांवर मारू नका, शेपटीला हात तर मुळीच लावू नका.

जवळचा पर्याय हवा असेल तर कर्नाटकातलं नेत्राणी बेट. मडगावहून कोकण रेल्वेने मुरुडेश्वर, तिथून बोटीने सुमारे 19 किलोमीटर. पाणी गोव्यापेक्षा स्वच्छ, आणि काळ्या टोकांच्या पंखांचा ब्लॅकटिप रीफ शार्क कधीकधी दिसतो. त्याहून चांगली शक्यता लक्षद्वीपमध्ये: तिथल्या प्रवाळांवर व्हाइटटिप रीफ शार्क वाळूत विसावलेले असतात. परवाना मात्र आधी काढावा लागतो.

एक अट: गोवा आणि नेत्राणी दोन्हीकडे जून ते सप्टेंबर डायव्हिंग बंद असतं. फुवाहमुलाहला खोल पाण्याचा आणि प्रवाहाचा सराव लागतो, त्यामुळे पहिलाच कोर्स करून थेट तिकडे जाऊ नका.