बार्सिलोना की प्राग? आधी गुडघ्यांना विचारा

म्युनिकहून एका मैत्रिणीनं विचारलंय: शरद सुट्टीत पाच दिवस मोकळे आहेत, नाशिकहून सासू-सासरे आलेत, मुलगी आठ वर्षांची. इमारती बघायची हौस सगळ्यांनाच; सासरे तर सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. नवऱ्याला प्राग हवंय, हिला बार्सिलोना. सासू-सासरे म्हणतात, "आमचं काही नाही. तुम्ही ठरवाल तिथे. वाटलं तर आम्ही हॉटेलात बसू."

अहो, उत्तर त्यांनीच दिलंय. आपल्याकडची मोठी माणसं "गुडघे दुखतात" असं सरळ सांगत नाहीत, "आमचं काही नाही" म्हणतात.

तेव्हा कुठलं शहर जास्त सुंदर हा वाद राहू द्या. प्राग हे पायांनी बघायचं शहर आहे. तिथली गंमत एका इमारतीत नाही, एका गल्लीतून दुसरीत शिरताना आहे: इथे गॉथिक मनोरा, पुढच्या वळणावर 1912 सालचं, घनाकृती कोनांचं क्युबिस्ट घर, नदीकाठी 1996 मधली ती कंबर लचकवणारी 'नाचणारी इमारत'. पण हे सगळं दगडी फरसबंदीवरून. तिच्यावर दोन तास चाललं की धडधाकट माणसाच्या पोटऱ्याही बोलायला लागतात. नदीवरचा चार्ल्स पूलच 516 मीटरचा. किल्ल्यावर 22 नंबरची ट्रॅम जाते, तेवढी चढण वाचते. बाकीचं चालणं चुकत नाही. त्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचार-पावणेपाचला अंधार आणि हाडात शिरणारा गारवा.

बार्सिलोना आत जाऊन, बसून बघता येतं. म्हणून माझं मत तिच्या बाजूनं.

सग्रादा फामिलिया या चर्चचं काम 1882 मध्ये सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते वास्तुविशारद अंतोनी गाउदीकडे आलं. 1926 मध्ये ट्रॅमच्या धक्क्यानं तो गेला, तोवर चर्चचा थोडाच भाग उभा होता. पुढची शंभर वर्षं लोक ते बांधत आलेत. सासऱ्यांना हे ऐकून आपल्या खात्याबद्दल जरा बरं वाटेल. गाउदी कमानींचा आकार ठरवायला दोऱ्यांना वजनं बांधून नमुना उलटा टांगायचा. लोंबणारी दोरी जो बाक घेते, तोच उलटा केला की भार नीट जमिनीत उतरवणारी कमान. हे त्यांना आधी सांगू नका. आतल्या झाडांसारख्या फांद्या फुटलेल्या खांबांखाली बसवा आणि त्यांनाच मुलीला समजावू द्या. आवारातली 1909 सालची छोटी शाळाही दाखवा. तिचं विटांचं छप्पर लाटेसारखं वर-खाली जातं. मला विचाराल तर एखाद्या अभियंत्याला मोठ्या चर्चइतकाच वेळ तिथे लागावा.

तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते घरूनच काढा. दुपारी तीनच्या सुमाराचं घ्या, तेव्हा पश्चिमेच्या काचांतून केशरी-लाल ऊन आत उतरतं. मनोऱ्याचं तिकीट मात्र सासू-सासऱ्यांसाठी नको. लिफ्ट फक्त वर नेते, खाली अरुंद गोल जिन्यानं यावं लागतं.

गाउदीचंच उद्यान पार्क ग्युएल चढावर आहे, टॅक्सी करा. तिथल्या टॅक्स्या काळ्या-पिवळ्या, सासूबाईंना मुंबईत आल्यासारखं वाटेल! वरच्या मोकळ्या जागेभोवती नागमोडी बाक आहे, फुटक्या रंगीत फरश्यांच्या तुकड्यांनी मढवलेला. या कामाला तिथल्या कातालान भाषेत 'त्रेंकादीस' म्हणतात. आपण चायना मोझॅक म्हणतो आणि गच्ची गळू नये म्हणून घालतो.

गाउदीच्याच कासा बात्यो या घरात लिफ्ट आहे, पण तिकीट महाग. तुम्ही आणि मुलगी आत जा, बाकीचे समोरच्या पासेच दे ग्रासियावर बसून बाहेरून बघतील. तो रस्ताच निम्मं प्रदर्शन आहे. आणि चौकात इमारतींचे कोपरे तिरके कापलेले दिसतील. सेर्दा नावाच्या अभियंत्यानं 1859 मध्ये आखलेला शहराचा हा भाग. कोपरा कापला की चौकात उजेड येतो, वळणही मोकळं होतं. सासऱ्यांसाठी हा आणखी एक विषय.

खरी अडचण जेवणाची. स्पेनमध्ये रात्रीची स्वयंपाकघरं साडेआठ-नऊला सुरू होतात आणि आपली मंडळी साडेसातला ताटावर. म्हणून हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, छोटा कुकर आणि मुगाची डाळ बरोबर ठेवा. दुपारी बाहेर जेवायचं तर 'एस्कालिवादा' मागवा: भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरच्या, भरताची स्पॅनिश बहीण. वर कधी खारवलेले मासे ठेवतात, तेवढं आधी विचारा. मेट्रोत आणि राम्बला रस्त्यावर पर्स पुढे धरा. खिसेकापूंची तिथे ख्याती आहे. पासपोर्ट सगळ्यांचे बरोबर हवेत, शेंगेनमधल्या शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, फिरत असलात तरी.

आणि प्राग? म्युनिकहून थेट रेल्वेनं साधारण सहा तासांवर आहे, ते कुठे पळून जात नाही. मे महिन्यात एखाद्या शनिवार-रविवारी नवऱ्याला घेऊन जा, आणि पुलावर पहाटे, गर्दी व्हायच्या आत पोहोचा. सासू-सासरे तेव्हा पुन्हा आलेले असतील, तर मुलीला त्यांच्याजवळ ठेवता येईल. तेव्हाही ते "आमचं काही नाही" म्हणतील. त्या वेळी खुशाल खरं माना.