चंद्रपूरच्या कोळसा खाणीतल्या डंपर मेकॅनिकला ऑस्ट्रेलियात काम मिळेल का?

मिळू शकतं. पर्थच्या उत्तरेला पिलबारातल्या लोहखनिज खाणींना ‘हेवी डिझेल फिटर’, म्हणजे अवजड डिझेल यंत्रांचे मेकॅनिक, कायम हवे असतात. पण नुसतं आयटीआयचं सर्टिफिकेट पुढे केलं की झालं, असं नाही. स्पॉन्सर करणारी कंपनी, ४८२ व्हिसा (कंपनीने स्पॉन्सर केलेल्या कामगाराचा), इंग्रजीची परीक्षा आणि सहसा ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया या तिथल्या सरकारी संस्थेची कौशल्य-तपासणी, एवढं लागतं.

आपली पोरं गळतात ती इंटरव्ह्यूत. प्रश्न साधा असतो: हायड्रॉलिक होज (दाबाखालच्या तेलाचा पाइप) काढण्याआधी काय कराल? ‘इंजिन बंद करीन’ एवढ्यावर भागत नाही. आयसोलेटर (यंत्राचा वीजपुरवठा तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्यावर स्वतःचं कुलूप आणि नावाचा टॅग, अॅक्युम्युलेटरचं, म्हणजे दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीचं, प्रेशर सोडणं, मग ते शून्यावर आलंय याची खात्री. हे इंग्रजीत, न अडखळता सांगता यायला हवं. चावी स्वतःच्याच खिशात, हेही सांगा.

स्पॉन्सरशिपचे म्हणून कुणी लाखो मागितले तर उठून या. तसे पैसे मागणं ऑस्ट्रेलियात गुन्हा आहे आणि देणाराही अडकतो. एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, तेवढं आधी बघा.

बाकी १२ तासांची शिफ्ट आणि चाळिशीपार ऊन. ते चंद्रपूरकराला काय सांगायचं!